बारकी आज आली

"तेरा आठवडे," खिडकीतला माणूस म्हणाला. "त्याच्या आत जागा नाही, ताई. नव्या पेशंटना बघायला एकच डॉक्टर आहेत."

"तारखेचं मला माहीत आहे. माझ्या भावानेच घेतलीय," आत्या म्हणाली. "मी आजचं विचारतेय."

आत्या बसवर कंडक्टर होती. भरल्या गाडीत मागच्या दारापर्यंत पोचेल असा तिचा आवाज, पण आज तिने तो आवरून धरला होता. दवाखान्याच्या दाराबाहेर, पायरीवर, तिची भाची बसली होती. घरात सगळे तिला बारकी म्हणत. आता ती उंचीने बापाच्याही वर गेली होती, तरी नाव काही बदललं नव्हतं. कुणाचा आवाज चढला की बारकी दोन्ही कान दाबून धरी. तिच्या कानात आधीच बरेच जण बोलत होते.

खिडकीतला माणूस तसा वाईट नव्हता. त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "इतके दिवस काढलेत, आणखी थोडे काढा."

"कसे काढले ते सांगते. पोरीने कॉलेज सोडलं. आईच्या हातचं खात नाही, त्यात काहीतरी कालवलंय म्हणते. समोरच्या इमारतीतले लोक मनातलं वाचतात म्हणून खिडकीला आतून पुठ्ठे लावून घेतलेत. चल चल म्हणून आम्ही घसे कोरडे केले, ती जागची हलली नाही. आणि आज सकाळी एकटी चालत माझ्या दारात आली. म्हणाली, आत्या, मला कुणाला तरी दाखव." आत्याने खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवला. "तेरा आठवड्यांनी ती असं म्हणेल, याची हमी देता?"

"अशी हमी कोण देणार?"

"मग आम्ही बसतो."

"बसून काही व्हायचं नाही, ताई."

"घरी जाऊन तरी काय व्हायचंय?"

ती बाहेर येऊन बारकीशेजारी पायरीवर टेकली. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"नाही म्हणाले ना? मग ये तिला घेऊन," तो म्हणाला. "ओळखीचं कुणी बघेल. उगाच शोभा नको."

"शोभा कसली? पायरीवर बसलेय."

"दिवसभर बसणार आहेस का तू?"

"रोज दिवसभर उभी असते रे मी. बसायला मिळालंय तर कशाला उठू?" तिने फोन पिशवीत टाकला.

बारकी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "आत्या, ते म्हणतायत, तू मला इथे टाकून जाणार."

आत्या तिच्या आणखी जवळ सरकली. "त्यांना म्हणावं, शेवटचा माणूस उतरल्याशिवाय ही बाई गाडी सोडत नाही."

बारकी हसली नाही. पण कानावरचा एक हात खाली आला.

ऊन पायरीवरून सरकत भिंतीला लागलं. माणसं येत होती, त्यांना वळसा घालून आत जात होती. दुपारी खिडकी मिटली. खिडकीतल्या माणसाने आत जाऊन काहीतरी सांगितलं असावं, कारण थोड्या वेळाने डॉक्टरबाई स्वतःच दारात आल्या. हातात चहाचा कप, डोळ्यांखाली काळं, केसांतली पेन्सिल काढायची राहून गेलेली.

आत्या उठून उभी राहिली. "आधी चहा घ्या, बाई. आम्ही आहोत इथेच."

"ते कळलं मला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे बघा, आज मी हिला तपासू शकत नाही. आत माणसं ताटकळलीत, तीही महिनोन् महिने थांबूनच आलीत. उद्या तुमच्यासारखे सगळेच येऊन पायरीवर बसले, तर मी काय करायचं?"

आत्याने मनापासून विचार केला. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "सगळ्यांनीच येऊन बसायला हवं. म्हणजे वर कुणाला तरी दिसेल, तुम्ही एकट्या आहात ते."

डॉक्टरबाई काहीतरी बोलणार होत्या. त्याआधी बारकीने मान वर केली.

"तुम्हाला ऐकू येतात का ते?"

परक्या माणसाशी बारकी कधीपासून बोललीच नव्हती.

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मला नाही ऐकू येत. पण तुला येतायत, ते दिसतंय. आत्ता काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुम्ही आत निघून जाल."

डॉक्टरबाईंनी मागे दाराकडे पाहिलं. मग कप कठड्यावर ठेवला आणि गुडघ्यावर हात रेटत त्या पायरीवर बसल्या. बारकीने पाय आखडून घेतले, थोडी सरकली आणि त्यांना जागा करून दिली.

"कधीपासून बोलतात तुझ्याशी?"

"दोन-तीन महिने झाले, बाई," आत्या म्हणाली. "परीक्षेनंतर सुरू झालं."

"नाही," बारकी म्हणाली. तिने दुसराही हात कानावरून काढला. "मी शाळेत होते तेव्हापासून. शेवटच्या वर्गात."

आत्या मटकन खाली बसली. आत कुणीतरी डॉक्टरबाईंना हाक मारत होतं. त्यांनी हात वर करून थांबायची खूण केली, नजर मात्र बारकीवरून हलवली नाही.

"बरीच थांबलीस की गं," त्या म्हणाल्या.