शांततेची दहा मिनिटं

डोंगरातल्या त्या गावाला घाटातल्या गाड्यांच्या हॉर्ननी जीव नकोसा केला होता. म्हणून आवाज मोजणारा सरकारी माणूस सकाळीच यंत्र घेऊन वळणावर हजर झाला. समोरच्या घरात शिलाई करणाऱ्या आजींकडे त्याने ओरडून खुर्ची मागितली, तेव्हा त्या हसल्या.

"घसा कशाला ताणतोस बाळा? या हॉर्ननी माझे कान केव्हाच खाल्ले. ठार बहिरी आहे मी. ओठ बघून कळतं."

दुपारपर्यंत यंत्रावरचा आकडा नव्वद डेसिबलच्या खाली उतरला नाही. मग शांततेचं माप घ्यायचं म्हणून पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक दहा मिनिटं लांबवर अडवली. तो यंत्र घेऊन मोकळ्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. स्वतःचा श्वास ऐकू येईल इतकं शांत झालं.

आकडा चाळीसवर आला. त्याने तो वहीत टिपला आणि पुन्हा यंत्राकडे पाहिलं, तर पंचावन्न.

"बिघडलं की काय हे डबडं?" तो पुटपुटला. यंत्र त्याने उताराकडे फिरवलं. चाळीस. वळणाकडे फिरवलं. सत्तर.

झाडाचं पानही हलत नव्हतं. पंच्याऐंशी. वळण रिकामं होतं. शंभर. तो यंत्रावर थापा मारत तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात आजी दोन्ही कान गच्च दाबून दारात आल्या. वळणाकडे बघत त्या जिवाच्या आकांताने किंचाळल्या,

"बाळा, बाजूला हो! तुलाच हॉर्न देतोय तो!"