बेटावरून गेलेला पहिला निरोप

सकाळी साडेनऊला बेट परत आमच्या ताब्यात आलं. अकरा महिन्यांनी! शत्रू आधीच पळाला होता, एक गोळीसुद्धा झाडावी लागली नाही. टेकडीवर निशाण चढलं, कप्तानसाहेबांनी बेसूर बिगुल फुंकला आणि आम्ही एकोणीस जणांनी ओरडून बेट डोक्यावर घेतलं.

मी तुकडीतला वायरलेसवाला. जुन्या चौकीत धावत जाऊन मी संच लावला, सवयीने माईकवर अंगठी दोनदा वाजवली आणि मुख्य ठाण्याला कळवलं, "बेट आपलं! एकोणीसही सुखरूप!"

तिकडे ड्यूटीवर माझे भाऊजीच होते. ते खो खो हसले. "अरे, आनंदाने वेड लागलं का तुला? पाच मिनिटांपूर्वीच कळवलंस की! इथे सगळे नाचतायत."

"पाच मिनिटांपूर्वी संच पोत्यात होता, भाऊजी."

"मग दुसऱ्या संचावर अजून बोलतोय तो कोण? हे ऐक." त्यांनी दुसरा हेडफोन माईकला लावला.

अंगठीचे दोन ठोके. मग माझाच आवाज. मागे तोच बेसूर बिगुल, तीच आरोळी, आमच्या स्वयंपाक्याची शिट्टीसुद्धा. मला हसू फुटलं.

तेवढ्यात त्या दुसऱ्या संचावरची आरोळी तुटली. सगळ्यांची, एकदम. बराच वेळ काहीच ऐकू येईना.

मग माझा आवाज अगदी हळू म्हणाला, "दार लाव."

मी दाराकडे पाहिलं. बाहेर आमचा जल्लोष ऐन रंगात आला होता.