बोट टेकलं की ठिपका

कौशल्याबाईंनी बोट पदराला पुसलं आणि फोनच्या काचेवर पुन्हा फिरवलं. रेघ दोन जागी उमटली, तुटली आणि नाहीशी झाली.

"घे व तुहा फोन. मले दारातली रांगोळीच बरी. रेशनच्या मशीनलेबी माहा अंगठा समजत नाही, मंग याले काय समजते?"

प्रेरणानं फोन घेतला नाही. किती ऐटीत ती पुण्याहून वडनेरला आली होती! बोटानं चित्र काढायचं तिनं घडवलेलं अ‍ॅप उद्या लोकांच्या हाती जायचं होतं, आणि त्याआधी आईनं त्यात एक रांगोळी काढावी असा तिचा हट्ट. पण कापूस वेचून वेचून आईच्या बोटांची टोकं पार खरबरीत झालेली. काचेला ती धड जाणवतच नव्हती. त्यातून जी तुटकी रेघ उमटायची, ती चूक समजून पुसून टाकायची, हा नियम प्रेरणाचाच. ऑफिसातल्या मऊ बोटांवर तो झकास चालला होता. तिला स्वतःचीच चीड आली.

"बोट चांगलं आहे तुहं, आई. चूक माही आहे." तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला.

"उद्या द्याचं आहे ना? मंग आता काऊन उकरून राह्यली?"

"तुह्या बोटानं रेघ निघाल्याशिवाय मी देतच नाही."

दुपार कलली. आईनं आणून ठेवलेला चहा गार झाला. प्रेरणानं पुसायचा नियम आधी काढून टाकला. मग बोट फिरवायची सक्तीही काढली. बोट नुसतं टेकलं तरी ठिपका पडावा, आणि ठिपक्याला ठिपका अ‍ॅपनंच जोडावा.

"आता फिरवू नको. दारात ठिपके टाकते ना, तसं नुसतं टेकव."

कौशल्याबाईंनी बोट टेकवलं. ठिपका पडला. शेजारी आणखी एक. मधली रेघ आपोआप धावली, आणि राहिली. बघता बघता तळहाताएवढ्या काचेत कमळ झालं.

"आली व माय!" त्या पोरीसारख्या हसल्या.

मग हसू थांबलं. त्यांनी उजवा अंगठा पुढे केला, जरा घुटमळल्या आणि काचेवर दाबला. चांगला ठसठशीत ठिपका उमटला. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"प्रेरणे," त्या म्हणाल्या, "रेशनचं मशीन तू काऊन नाही बनवलं व?"