उष्टा घास

गवताची भाकरी तेजूला पचत नव्हती. कोकणातल्या अनाथाश्रमात ती मासळीवर वाढली होती. इथे माळावर धान्य पिकेनासं झाल्यापासून सगळे गवतच खात आणि पोटातले जिवाणू त्याची साखर करत. लेकरांना ते जन्मतानाच आईकडून मिळत. रुक्माने दत्तक आणलेल्या तेजूला ते कोण देणार?

"तुमचा चावलेला घास भरवा तिला," डॉक्टरीणबाई रुक्माला म्हणाल्या होत्या. "जिवाणू लाळेतही असतात."

पण तेजू तोंड फिरवायची. पोर वाळत चालली. तिला आश्रमात परत धाडावं लागेल, या धास्तीने रुक्माचंही अन्नावरचं मन उडालं.

एका दुपारी ती ताटावर नुसतीच बसून राहिली.

"तू का जेवत नाहीस?" तेजूने विचारलं.

"तुला उपाशी ठेवून कशी जेवू गं?"

तेजूने भाकरीचा तुकडा मोडून रुक्माच्या तोंडात घातला. रुक्माने तो चावेपर्यंत ती थांबली आणि मग स्वतःच तिच्यापुढे आ केला.

महिन्याभरात तेजूचे गाल भरले. तपासणी करून डॉक्टरीणबाई हसल्या. "रुक्माबाई, हिच्या पोटातले जिवाणू थेट तुमचेच. पोरगी आईवर गेलीय."

त्या न दिसणाऱ्या जिवांचे उपकार कसे मानावेत, हे रुक्माला कळेना. तिने खाली वाकून लेकीच्या पोटावर कपाळ टेकवलं.