शत्रूची खुर्ची

युद्ध जिंकून महिना झाला होता आणि हरलेल्या देशाचं पुढे काय करायचं, ते ठरवायला चार-पाच माणसं बंद खोलीत बसली होती. युद्धखात्याची जुनी रीत अशी, की योजना पक्की करण्याआधी एकाने टेबलापलीकडच्या खुर्चीत शत्रू होऊन बसायचं आणि शत्रूचं उत्तर द्यायचं. युद्धभर तिथे सल्लागारबाई बसल्या होत्या. त्यांचा अंदाज एकदाही चुकला नव्हता.

"आज नुसतं 'मान्य' म्हणा, की आपण जेवायला मोकळे," मंत्री हसत म्हणाले.

अटी वाचून झाल्या. वीस वर्षं त्यांचे कारखाने बंद. बंदर आपल्या ताब्यात. त्यांच्या शाळांची पुस्तकं आपण लिहून द्यायची.

"अमान्य," बाई म्हणाल्या.

सेनापतींच्या छातीवर नवी पदकं इतकी होती, की पुढे वाकायची सोय नव्हती. तरी ते वाकले. "त्यांच्याकडे धड एक तोफ उरलेली नाही. कशाच्या जोरावर अमान्य?"

"सही करतील हो. पण मान्य करणार नाहीत."

"बाई, तुमचा थोरला याच युद्धात गेला. विसरलात?"

बाईंना संताप आला, तो गिळवेना. धाकटा अजून शाळेत होता. या अटी लादल्या, तर पुढचं युद्ध ऐन त्याच्या तारुण्यात येणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

"विसरले असते, तर 'मान्य' म्हणून केव्हाच घरी गेले असते," त्या म्हणाल्या. "काढून टाका मला. पण या खुर्चीत बसून मी खोटं बोलणार नाही."

"उठा तुम्ही!" सेनापती गरजले. "एक शब्द तर बोलायचाय. मी बोलतो!"

बाई उठल्या, पण खोलीबाहेर गेल्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. सेनापती ऐसपैस बसले. मंत्र्यांनी अटी पुन्हा वाचायला घेतल्या, या वेळी थेट त्यांच्या तोंडाकडे बघत. कारखाने झाले. बंदर झालं. शाळांपाशी आल्यावर सेनापतींचा चेहरा लाल होत गेला.

"बोला, मान्य?"

सेनापतींनी टेबलावर मूठ आपटली.

"आमच्या पोरांना काय शिकवायचं, ते ठरवणारे तुम्ही कोण?"