बाबांचा कौल

रोमच्या ताब्यातल्या आमच्या नुमिदियात अडचण आली, की माणूस वडिलांच्या थडग्यावर जाऊन झोपतो. वडील स्वप्नात येऊन वाट दाखवतात. लेकीचा ताप उतरेना, तेव्हा वकील व्हितालिसही जाऊन झोपला. लहानपणी वडिलांनीच त्याला रोमन शाळेत घातलं होतं. "आपली भाषा विसर, मोठा होशील," म्हणाले होते.

सकाळी तो रडवेला होऊन, दोन्ही भाषा जाणणाऱ्या आत्याकडे आला.

"आत्या, बाबा आले होते गं. पुन्हा पुन्हा तेच सांगत होते, पण मला एक शब्द कळला नाही."

"जसं ऐकलंस तसं बोलून दाखव, बाळा. अर्थ मी सांगते."

त्याने अडखळत बोलून दाखवलं.

 

"दादा म्हणतोय, 'कोण रे तू परका? ऊठ इथून. माझा मुलगा यायचाय.'"