न चाखलेला खिमा

“आई, तू बाजूला हो, मी करतो,” मुकुल म्हणाला. मी पदर खोचला आणि त्यालाच बाजूला केलं.

आज विहीणबाईंचा वाढदिवस. दरवर्षी या दिवशी इथे, अमेरिकेतल्या मुकुलच्या घरी, त्या स्वतः गोमांसाचा रसदार खिमा करून पावात भरून सगळ्यांना वाढायच्या. यंदा त्या नाहीत, आणि माझी सून हेदर कांदा चिरता चिरताच रडत खोलीत निघून गेली होती.

जन्मात अंड्यालाही हात न लावलेली मी खिमा परतायला लागले. वास सहन होईना, तेव्हा खिडकी उघडली. गॅस बंद केला नाही. मुकुल चाखायला चमचा घेऊन आला, त्यालाही दटावलं. पानावर बसायच्या आधी कोणी तोंड लावायचं नाही.

जेवताना हेदरने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग सॉस मनगटावरून ओघळेपर्यंत ती खात राहिली.

“मीठसुद्धा अगदी बरोबर पडलंय,” मुकुल म्हणाला. “न चाखता कसं जमलं तुला?”

हेदरच्या ताटात दुसरा पाव वाढत मी म्हणाले, “नैवेद्य तरी कुठे चाखून करतो आपण?”